दोन डोळ्यांत दोन थेंब

मी क्रेन चालवायचो. वर केबिनमध्ये मी, खाली साखळी बांधायला तो. लोखंडाच्या गोदामात आमची जोडी जवळजवळ सगळी नोकरीभर टिकली. त्याला सगळे दुर्बीण म्हणायचे, कारण त्याच्या चष्म्याच्या काचा सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारख्या होत्या. त्याला राग येत नसे. "दुर्बीण आहे म्हणून तर तुमची तोंडं दिसतात," म्हणायचा, "नाहीतर मी सुखात होतो."

खरं तर त्यालाही क्रेनवरच बसायचं होतं. भरतीच्या वेळी डोळे तपासणाऱ्याने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून पाटी वाचायला सांगितली. याने विचारलं, "कुठली पाटी?" तिथेच त्याचं वर चढणं संपलं. त्याला खाली ठेवलं.

खालचं काम सोपं नाही. पत्र्यांचा गठ्ठा उचलायचा तर साखळी कुठे घालायची, भार कुठल्या बाजूला झुकतोय, हूक नीट बसलाय का, हे सगळं खालच्याने बघायचं. वरच्याला त्यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो फक्त खालच्याचा हात. हात वर झाला की उचलायचं, मूठ मिटली की थांबायचं. दुर्बीण साखळीची एकेक कडी हाताने चाचपायचा आणि मग दोन पावलं मागे सरून हात वर करायचा. मुकादम ओरडायचा, "अरे, साखळी बांधतोयस की तिची वेणी घालतोयस?" हा शांतपणे म्हणायचा, "मग तुम्ही गठ्ठ्याखाली उभे राहा. मी लगेच सोडतो."

मी त्याच्या हाताखेरीज कशावर विसंबून कधी उचललं नाही आणि आमचा एकही गठ्ठा कधी घसरला नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. तो किती मेहनत करायचा ते कळावं म्हणून सांगतो.

त्याचा डावा डोळा ऐन उमेदीत गेला. भर दुपारी काम करताना त्या डोळ्यापुढे एका बाजूने काळा पडदा सरकत आला. त्याला वाटलं, काचेला ग्रीस लागलं. चष्मा पुसला, परत पुसला. संध्याकाळपर्यंत काम केलं आणि मग दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, इतका मोठा नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा लांबट झालेला, आतला पडदा ताणून पातळ झालेला. तो फाटला. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही.

लहानपणीच कोणी बघितलं असतं तर, असं तो एकदाच म्हणाला. शाळेत उंच म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवत. फळ्यावरचं दिसत नसे, म्हणून तो मठ्ठ ठरला. लांबचा माणूस हसतोय की रागावलाय हे चष्मा लागेपर्यंत त्याला कधी कळलंच नव्हतं. "मला वाटायचं, माणसं जवळ आल्यावरच तोंड हलवतात," तो म्हणायचा आणि हसायचा. आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही एकाच कामगार वसाहतीत राहिलो. त्याचं दार आणि माझं दार यांच्यामध्ये एक मोकळं मैदान, मैदानाच्या टोकाला पाण्याची टाकी. त्याच्या घरात तो, वहिनी, लेक आणि नात. जावई दूरच्या गावी कामाला. लेक हॉस्पिटलच्या लाँड्रीत पाळीवर जायची, त्यामुळे नात आजी-आजोबांच्याच हाताखाली वाढली. पोरगी हुकूम सोडण्यात पटाईत. म्हणून तो तिला साहेब म्हणायचा.

"काय साहेब, आज काय हुकूम?"

"आज क्रेन."

क्रेन म्हणजे त्या दोघांचा खेळ. घराच्या बाहेरच्या जिन्यावर, अगदी वरच्या पायरीवर, साहेब बसायची. हातात दोरी, दोरीला तारेचा हूक. खाली हा टोपलीत भातुकलीची भांडी, दगड, काय हवं ते भरायचा, हूक अडकवायचा, चाचपायचा, मागे सरायचा आणि खूण करायचा. वर, खाली, हळू, थांब. आमच्या गोदामातल्याच खुणा. मी माझ्या पायरीवर बसून चुका काढायचो. साहेब चुकत नसे. मला म्हणायची, "क्रेनआजोबा, तुमच्यापेक्षा मी भारी." मी म्हणायचो, "पगार नाही तोवर सगळेच भारी."

एके दिवशी तो खुणा करत करत मागे सरला, पार टाकीपर्यंत. टोपली अर्ध्यावर आली तशी त्याने मूठ मिटली. थांब. साहेब ओढतच राहिली. टोपली कठड्यावर आपटली, भांडी खाली सांडली.

"साहेब, मूठ दिसली नाही का?"

"दिसली की."

"काय दिसलं?"

साहेबने डोळे बारीक केले, मान पुढे काढली. "तुम्ही दिसलात."

दुर्बीण एक पाऊल पुढे आला, मूठ दाखवली. ती म्हणाली, हात वर आहे. आणखी पुढे आला. आणखी. मैदानातल्या आंब्याच्या झाडापाशी आला तेव्हा ती म्हणाली, "आता मूठ."

तो तिथेच झाडाखाली बसला. चष्मा काढून पुसत राहिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "हे माझंच आहे. माझ्याकडूनच गेलंय तिच्यात."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईकडे मीही बरोबर गेलो होतो. त्यांनी आधी तिच्या डोळ्यांत तपासणीचे थेंब घातले आणि आम्हाला बाकावर बसवलं. थोड्या वेळाने साहेबने भिंतीवरच्या आरशात बघितलं आणि ती किंचाळली, "माझे डोळे काळे झाले!" बाई हसल्या. म्हणाल्या, "ती बाहुली आहे. बाहुली म्हणजे एक भोक. उजेड जास्त झाला की ते लहान होतं, कमी झाला की मोठं. आपोआप. या थेंबांनी ते थोडा वेळ उघडंच राहतं, म्हणजे मला आत डोकावता येतं." साहेबला पटलं. घरी जाईपर्यंत ती वाटेत दिसेल त्याला सांगत होती की माझ्या डोळ्यात भोक आहे.

नंबर लहान होता. बाईंनी चष्मा लिहून दिला. बाई म्हणाल्या, लहान वयात लागलेला नंबर वाढत जातो, तो एकदम थांबवता येत नाही, पण त्याचा वेग कमी करता येतो. रोज भरपूर वेळ बाहेर उजेडात. पुस्तक नाकाला चिकटवायचं नाही. आणि झोपायच्या आधी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. तपासणीच्या थेंबांसारखेच, पण पुष्कळ सौम्य. सुरुवातीला ऊन सोसणार नाही, जवळचं थोडं धूसर दिसेल, बाहुली मोठी वाटेल. काही त्रास वाटला तर येऊन विचारा.

त्याने एकच प्रश्न विचारला. "माझ्यासारखं होईल?"

"तसं होऊ नये म्हणूनच हे सगळं."

झालं. त्याला काम मिळालं. निवृत्तीनंतर हातांना काम नसल्याने तो वाळत चालला होता, तो पुन्हा पाळीवर जाणाऱ्यासारखा उठायला लागला. शाळेआधी एकदा आणि शाळेनंतर अंधार पडेपर्यंत, दोघं मैदानात. त्याचे गुडघे दुखायचे. वारा असो, ढग असोत, हा बाहेर. पोरगी कंटाळली तर नवा खेळ काढायचा. मी कधी म्हणालो, "आज बस घरी," तर म्हणायचा, "तू पगार कापणार का?" पहिले काही दिवस साहेबला ऊन सोसत नव्हतं. त्याने तिच्यासाठी रुंद काठाची टोपी आणली. स्वतः बिनटोपीचा उभा राहायचा.

थेंब मात्र त्याला जमेना. हात थरथरायचा, आणि एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा नाकावर. वहिनी म्हणाल्या, "द्या इकडे. पोरीला काय अंघोळ घालायचीय?" सगळे हसलो. तेव्हापासून ते काम वहिनींकडे गेलं.

मी संध्याकाळचा त्यांच्याकडे बसायला जायचो, त्यामुळे ते कितीदा तरी पाहिलं आहे. जेवणं झाली की साहेब आजीच्या मांडीवर डोकं ठेवायची. वहिनी साबण लावून हात धुवायच्या, पुसायच्या, बाटली तळव्यात धरून गरम करायच्या. "वर बघ. हं. मीट. आता दुसरा." साहेब ओठ आवळून म्हणायची, "झोंबलं!" आणि दुर्बीण समोरच्या खुर्चीवरून म्हणायचा, "शाब्बास साहेब! वाघ आहात." रोज हेच. तो त्या क्षणासाठी खुर्ची ओढून पुढे बसायचा.

काही आठवड्यांनी साहेबने टोपी फेकून दिली. "आता नाही लागत." तो मला सांगायला धावत आला. धावत म्हणजे त्याच्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. "डोळे सरावले रे तिचे. बघ, कशी उन्हात उभी आहे." मी जाऊन बघितलं. उघड्या उन्हात पोरगी आमच्याकडे बघत होती आणि तिच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मीही म्हणालो, छान सरावले. आमच्या दोघांच्याही डोळ्यांदेखत होतं ते. दोघांनीही ते आनंदाच्या खात्यात टाकलं.

वर्ष व्हायच्या सुमारास पुन्हा तपासणी झाली. मधल्या काळात बाईंनी बोलावलं होतं, पण वहिनी आणि लेक म्हणाल्या होत्या की आता सगळं ठीक आहे, कशाला उगीच हेलपाटा. तेव्हा ते ठीकच वाटलं.

या वेळीही मी बरोबर होतो. बाईंनी काचा बदलून बदलून पाहिल्या, परत पाहिल्या. नंबर दुपटीहून पुढे गेला होता. मग त्यांनी टॉर्च घेऊन तिच्या डोळ्यावर उजेड टाकला, काढला, टाकला.

"आजोबा, औषध रोज घालता ना?"

"रोज."

"एखादा दिवस राहतो का?"

"बाई, माझ्यासमोर पडतं. मी खुर्ची टाकून बसतो." त्याचा आवाज चढला.

बाई शांत होत्या. "रागावू नका. बाहुली फार झटकन मिटतेय. हे औषध रोज चालू असताना सहसा इतकी मिटत नाही. बाटली उन्हात ठेवता का? जुनी झाली असेल? नवी घ्या, आणि घरातली मला आणून दाखवा."

साहेब खाली बघत होती. आम्हाला वाटलं, नंबर वाढला म्हणून.

तो घरी न जाता औषधाच्या दुकानात गेला, नवी बाटली घेतली. मग घरून जुनी घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही टेबलावर ठेवल्या. रागाने लाल झाला होता. "दुकानदार पाणी विकतोय. नकली माल. मी त्याला आता सोडत नाही."

"आधी खात्री कर," मी म्हणालो. "साखळी चाचपल्याशिवाय हात वर करायचा नाही, हे तूच सांगायचास."

"कशी करू?"

"माझ्या डोळ्यांत टाक. डाव्यात जुनी, उजव्यात नवी."

"वेडा आहेस का? क्रेनवाल्याचे डोळे ते."

"निवृत्त झालेत. त्यांना आता कोण विचारतंय? आणि पोरीला चालतं ते मला नाही चालणार?"

त्याच्या थरथरत्या हाताने बराच गोंधळ घातला. जुन्या बाटलीतला एक थेंब माझ्या कानात गेला. शेवटी दोन्ही डोळ्यांत पडले. उजवा झोंबला, चांगला झोंबला, पाणी आलं. डाव्याला काहीच नाही. पावसाचा थेंब पडावा तसं.

चहा केला, प्यायलो. कप विसळून ठेवले. तो खिडकीपाशी बसला होता. थोड्या वेळाने मी समोरच्या दिनदर्शिकेवरच्या तारखा बघितल्या, तेव्हा उजव्या डोळ्याने आकड्यांची कड नीट दिसेना. म्हणालो, "बघ आता."

त्याने मला खिडकीत उभं केलं. स्वतःचं तोंड इतकं जवळ आणलं की त्याचा श्वास लागत होता. टॉर्च डाव्या डोळ्यावर मारला, मग उजव्यावर. परत डाव्यावर.

"डावी मिटतेय," तो म्हणाला. "उजवी उघडीच आहे."

आरशात मीही पाहिलं. एक डोळा माझा, एक दुसऱ्या कोणाचा.

"चल दुकानात," मी म्हणालो.

तो उठला नाही. जुनी बाटली तळहातावर उलटी करून एक थेंब पाडला, बघत राहिला. मग म्हणाला, "सील मी दुकानातच बघून घेतो. न फुटलेलं. दर वेळी. घरी येईपर्यंत हात लावत नाही."

मी रुमालाने उजवा डोळा टिपला.

"घरी आल्यावर मी ती तुझ्या वहिनीच्या हातात देतो," तो म्हणाला.

मग आम्ही दुकानात गेलो नाही. मैदान ओलांडून त्याच्या घरी गेलो. मला वाटत होतं, मी यात नको. तो म्हणाला, "तू चल. तुझे डोळे पुरावा आहेत."

वहिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. त्याने बाटली ओट्यावर ठेवली.

"यात काय आहे?"

वहिनींनी बाटली पाहिली. मग मला पाहिलं. "अगं बाई! भावजी, तुमच्या डोळ्याला काय झालं?"

"तुमच्या नातीचं औषध घेतलंय, वहिनी."

सुरी खाली ठेवायला त्यांना वेळ लागला. पदराने हात पुसले. मग एकदम बोलायला लागल्या, जणू किती दिवस ते तोंडाशी धरून ठेवलं होतं.

"धोत्रा आहे तो. दुकानदारालाच विचारलं मी, यात काय असतं. तो म्हणाला, धोत्र्यात असतं त्याच जातीचं. मी धोत्रा बघितलाय. लहान होते तेव्हा आमच्या शेळीने बोंडं खाल्ली. तिचे डोळे असे झाले, असे मोठे, काळे. भिंतीवर जाऊन आपटत होती. दिवस मावळायच्या आत गेली. आणि पोरीचे डोळे तसेच झाले. मी काय करायचं होतं? रोज माझ्या हाताने तिच्या डोळ्यांत तेच घालायचं?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं! पहिल्याच आठवड्यात म्हटलं, पोरीचे डोळे बघा कसे झालेत. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतं."

म्हणाला असेल. तसा तो म्हणतो. त्याने नाही म्हटलं नाही.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. लेक पाळी संपवून आली होती. दारातच थांबली. तिने ओट्यावरची बाटली पाहिली, बापाचं तोंड पाहिलं आणि आईला म्हणाली, "सांगितलंस?"

एवढाच शब्द. त्याने ओट्याची कड धरली. बायकोचं ऐकताना तो सरळ उभा होता.

"तुलाही माहीत होतं," तो म्हणाला.

"बाबा, तुम्ही किती मनावर घेतलं होतंत. म्हटलं, तुमचं मनही राहील आणि पोरीला काही व्हायचंही नाही. मैदानात तर तुम्ही नेतच होतात. म्हटलं, तेवढ्यानेच भागेल."

आतल्या दाराच्या पडद्यामागे साहेब उभी होती. पाय दिसत होते. तो तिकडे वळला.

"साहेब."

पडदा हलला नाही.

"रोज झोंबलं म्हणत होतात."

"आजी म्हणाली, म्हण." आवाज अगदी बारीक. "म्हणाली, नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

त्याने पुन्हा वहिनींकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. त्याने विचारलं, "पाणी उकळून घेत होतीस?"

"म्हणजे काय? उकळून, गाळून, गार करून. बाटली आधी खळखळून धुवायची. साधं पाणी कसं घालीन पोरीच्या डोळ्यांत?"

त्याने मान हलवली. "काम चोख केलंस," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मी पुष्कळ विचार केला यावर. वहिनी वाईट बाई नाहीत. शेळी मेलेली पाहिली असेल तर भीती वाटणारच, भीतीला मी दोष देत नाही. डॉक्टरीणबाईही पुढे तेच म्हणाल्या, की भीती पुष्कळांना वाटते, धोत्र्यातलं असलं तरी थेंबात ते किती असतं हे समजावून सांगितलं असतं, येऊन विचारायचं होतं. माझ्या डोक्यातून जात नाही ती मेहनत. दर महिन्याला बाटली रिकामी करायची, धुवायची, पाणी उकळायचं, भरायचं. मग रोज हात धुवायचे, पुसायचे, बाटली तळव्यात गरम करायची. पाणी कशाला गरम करायचं? ते त्याच्यासाठी होतं. खुर्ची ओढून समोर बसलेल्या माणसासाठी. एवढी निगुतीने केलेली कामं मी गोदामातही थोडीच पाहिली, आणि हे सगळं एका माणसाला फसवत ठेवण्यासाठी. तो माणूस तिकडे दुखऱ्या गुडघ्यांनी मैदानात उभा होता आणि घरातल्या तिघींना माहीत होतं की थेंब पाण्याचे आहेत, आणि तो जे वाचवायला उभा होता ते रोज थोडं थोडं चाललं होतं.

लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. बाईंनी हे त्याला स्पष्ट सांगितलं. गेलं ते गेलं, पुढचं सांभाळू. तो म्हणाला, "हो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो साहेबला घेऊन माझ्या दारात आला. शर्टाच्या आतल्या खिशात बाटली होती, वर बटण लावलेलं. "तुझ्याकडे ठेव. थेंब तू घालायचे. तुझा हात स्थिर आहे."

"घरी वहिनी—"

"तुला जमत नसेल तर सांग."

मी पोरीला कॉटवर झोपवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी हात धुतले. हात धुताना मला वहिनींचे हात आठवले. नवं सील त्याच्यासमोर फोडलं. "वर बघ," म्हणालो. एक. दोन.

साहेब एकदम ताठ झाली. दोन्ही हातांनी कॉटची कड धरली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कानापर्यंत. "झोंबतंय," ती म्हणाली. "आजोबा, झोंबतंय."

खुर्ची रिकामी होती. तो दाराला टेकून उभा होता. शाब्बास म्हणायला त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. ते तसंच मिटलं. तो माझ्याकडे वळला.

"खरंच झोंबतं का रे ते?"

पोरीने ते ऐकलं. मला ते तिच्या खांद्यांवरून कळलं.

"झोंबतं," मी म्हणालो. "मला झोंबलंय."

त्याने मान हलवली. मग पुढे येऊन खिशातल्या रुमालाने तिचे कान पुसले.

आता रोज संध्याकाळी हेच चालतं. वहिनी कधीकधी मैदानाच्या पलीकडे दारात उभ्या असतात, आम्ही आत गेलो की त्या आत जातात. तो घरी जेवतो, विचारलं तर उत्तर देतो. आपणहून विचारत काही नाही. लेकीचं दोनदा माझ्यापाशी रडून झालं. मी काय सांगणार? मी क्रेनवाला आहे. मला खालचा हात दिसतो, तेवढंच कळतं.

सकाळी शाळेआधी दोघं मैदानात येतात. रुंद काठाची टोपी पुन्हा आली आहे. क्रेनचा खेळ एकदाच झाला. साहेबने नवा चष्मा काढून ठेवला आणि तो मागे सरत गेला, आंब्याच्या झाडापर्यंत. मूठ दाखवली. तिला दिसली नाही. झाडाच्या किती अलीकडे यावं लागलं ते मी पाहिलं. त्यानंतर दोरी गुंडाळून त्याने माळ्यावर टाकली.

आणि रोज सकाळी, खेळायच्या आधी, तो तिला उन्हाकडे तोंड करून उभी करतो. टोपी वर सारतो, हनुवटी धरतो, आणि आपला एकुलता डोळा तिच्या डोळ्याजवळ नेऊन बाहुली किती मिटते ते बघतो. ती शहाण्यासारखी उभी राहते, पापणीही हलवत नाही. खात्री झाली की तो टोपी खाली ओढतो आणि म्हणतो, "चला साहेब."

पूर्वी तो सगळ्यात आधी साहेब म्हणायचा.